लुटुपुटूच्या यंत्राचा आकडा

पेरणीच्या आधी दहा-बारा दिवस माझे मामा ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडतात. दहा-दहाच्या दहा ओळी, दोन दाण्यांत बोटभर अंतर. गोणपाटाची गुंडाळी करून ती पडवीत सावलीला ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर निर्धास्त पेरायचं. साठच्या आसपास निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. त्याहून कमी निघाले तर पिशवी घेऊन तालुक्याच्या दुकानात भांडायला जायचं. खरं तर पिशवीवर उगवणक्षमता छापलेलीच असते. १९६६ च्या बियाणे कायद्यामुळे ती छापावीच लागते. पण मामांचा छापील आकड्यावर विश्वास नाही. नवं औषध फवारतानाही ते चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, कोरडी ठेवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "मग औषधानं आलं का पावसानं आलं, कळायचं कसं?"

याच मामांनी मागच्या नाही, त्याच्या मागच्या हिवाळ्यात मोबाइलवरची जाहिरात बघून साडेतीन हजारांचं व्यसनमुक्तीचं यंत्र मागवलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, तिला दोन वायरी, वायरींच्या टोकाला कपड्यांना लावतो तसे दोन चिमटे. चिमटे कानाच्या पाळ्यांना लावायचे, बटण दाबायचं, मुंग्या येतात आणि तंबाखूची तलफ जाते, असं जाहिरातीतला पांढऱ्या कोटातला माणूस सांगत होता. मी गावी गेले तेव्हा मामा ओट्यावर कानाला चिमटे लावून बसले होते आणि डाव्या तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळत होते. चुना लावला, दोन थापट्या मारल्या, बार भरला. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"मामा, फरक आहे का काही?"

"हाय की. नुसतं बसवत न्हाई, म्हणून बार एक जास्तीचा लागतो."

हसू आलं, पण पुढे बोलायला मला तोंड नव्हतं. त्याच वर्षी मी स्वतः त्याहून कितीतरी महाग यंत्र कपाळाला लावून बसायला लागले होते. मला सोळाव्या वर्षापासून अर्धशिशी आहे. सुंठीचा लेप, नाकात तूप, कपाळाला आवळून बांधलेलं फडकं, बाम, काळोखी खोली, सगळं करून झालंय. मग गोळ्या आल्या. मग गोळ्यांनीच डोकं दुखायला लागलं. हे अनेकांना खरं वाटत नाही, पण साधी वेदनाशामकं महिन्यातले पंधरा दिवस किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) आणि मिश्र गोळ्या महिन्यातले दहा दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त घेत राहिलं तर त्या गोळ्याच नव्या डोकेदुखीचं कारण होऊ शकतात. अशा वेळी गोळी नसलेला कुठलाही उपाय माणसाला देवासारखा वाटतो. मी यंत्र घेताना शंभरात किती जणांना गुण येतो, हे विचारलं नव्हतं. शंभर दाणे मोजणाऱ्या मामांनीही ते विचारलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. विजेचं उपचार-यंत्र विकणाऱ्या प्रत्येकाला खोक्यावर दोन आकडे शेजारी शेजारी छापायला लावा. खऱ्या यंत्राने शंभरात किती जणांना फायदा झाला, आणि लुटुपुटूच्या यंत्राने किती जणांना. आकडे नसतील तर त्याच जागी, त्याच टाइपात, 'चाचणी झालेली नाही' असं छापा.

लुटुपुटूचं यंत्र म्हणजे दिसायला हुबेहूब खरं, दिवा लागणारं, आवाज करणारं, पण ज्यातून उपचाराइतका प्रवाह सोडलेला नसतो असं यंत्र. चाचणीत निम्म्या लोकांना ते दिलं जातं आणि कोणाकडे कुठलं आहे, हे त्यांना सांगत नाहीत. मामांची चार कोरडी तासं ती हीच. अर्धशिशीच्या बाबतीत या कोरड्या तासांशिवाय काहीच कळत नाही, कारण हा आजार स्वतःच चढतो-उतरतो. मागच्या महिन्यात दहा वेळा डोकं धरलं म्हणून माणूस वैतागून यंत्र घेतो. काहीही केलं नसतं तरी पुढच्या महिन्यात कदाचित सहा-सात वेळाच धरलं असतं. श्रेय मात्र यंत्र घेऊन जातं. त्यात यंत्राचा स्वतःचा एक रुबाब असतो. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मजेशीर चाचणी छापून आली होती. हात दुखणाऱ्या लोकांपैकी काहींना नुसती पिठाची गोळी दिली आणि काहींना सुई टोचल्याचं नाटक करणारं उपकरण लावलं. औषध दोन्हींत नव्हतं. तरी वेदना कमी झाल्याचं सांगण्यात उपकरणवाले पुढे होते. खोट्या गोळीपेक्षा खोटं यंत्र जास्त 'लागू पडतं'.

आता खऱ्या यंत्रांकडे येऊ. इथे सरसकट नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. या यंत्रांची कल्पना भोंदूगिरीची नाही. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य जुनाट डोकेदुखीवर जिवंत वीजमासा डोक्याला लावायला सांगत असे. आजची यंत्रं त्या माशाची सभ्य, मोजूनमापून चालणारी नातवंडं आहेत. कपाळावर भुवयांच्या मधोमध चिकटवायची सेफाली ही बेल्जियममधली पट्टी ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या कपाळातून जाणाऱ्या फांद्यांना झिणझिण्या देते. अर्धशिशीच्या वेदनेची मोठी वाट याच मज्जातंतूवरून जाते. गळ्याला टेकवायचं गॅमाकोर हे यंत्र मेंदूतून गळ्यावाटे खाली जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला छेडतं. इस्रायलमधून आलेली नेरिव्हिओ ही पट्टी तर चक्क दंडाला बांधतात. डोकं दुखतंय आणि पट्टी दंडाला, हे ऐकून मीही हसले होते. पण त्यामागचं तत्त्व काट्याने काटा काढायचं आहे. शरीराच्या एका भागाला बोचेल पण दुखणार नाही इतपत प्रवाह दिला की मेंदूच्या तळाशी असलेली वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते, आणि ती दुसरीकडची वेदनाही दाबते. ही पट्टी २०२३ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या औषध कंपनीने भारतात आणली. म्हणजे हा विषय आता अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या बॅगेतून येणाऱ्या वस्तूंचा राहिलेला नाही.

आकडे बघा. सेफालीची मूळ चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसं फक्त ६७. रोज वीस मिनिटं, तीन महिने. अर्धशिशीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले असे लोक खऱ्या पट्टीच्या गटात ३८ टक्के होते, लुटुपुटूच्या गटात १२ टक्के. म्हणजे शंभरांत सव्वीस जणांना पट्टीचा स्वतःचा गुण आला. वाईट नाही. नेरिव्हिओची चाचणी २५२ जणांवर झाली. दोन तासांत दुखणं उतरलं असं सांगणारे खऱ्यात ६६.७ टक्के आणि लुटुपुटूत ३८.८ टक्के. इथे जरा थांबा. दंडाला बांधलेल्या, जवळपास काहीच न करणाऱ्या पट्टीने शंभरांतल्या एकोणचाळीस जणांचं डोकं उतरलं! जाहिरातीत एकटा ६६.७ छापला तर वाचणाऱ्याला वाटणार, तीनातल्या दोघांना गुण येतो म्हणजे रामबाण आहे. शेजारी ३८.८ छापला की मग कळतं की पट्टीचं स्वतःचं काम शंभरांत अठ्ठावीस जणांपुरतं आहे. तेवढं काम खरं आहे, आणि माझ्यासारखीला ते हवंही आहे. पण त्यासाठी किती पैसे मोजायचे, हे अठ्ठावीसच्या हिशेबाने ठरवायचं की सदुसष्टच्या?

सगळीकडे चित्र इतकं बरं नाही. सेफाली चढत्या डोकेदुखीवर दोन तास लावून बघितली तेव्हा, ५३८ जणांच्या मोठ्या चाचणीत, वेदना पूर्ण थांबलेले २५.५ टक्के होते आणि लुटुपुटूत १८.३. शंभरात सात. गॅमाकोरच्या २०१८ मध्ये छापलेल्या चाचणीत दोन तासांनी पूर्ण वेदनामुक्ती ही मुख्य कसोटी होती. खऱ्यात ३०.४ टक्के, लुटुपुटूत १९.७ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रेषेच्या किंचित अलीकडेच अडखळला, म्हणजे तो निव्वळ योगायोग नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. अर्ध्या तासाचा आणि तासाभराचा आकडा मात्र पास झाला. त्याच वर्षी अमेरिकेत ते चढत्या अर्धशिशीसाठी विकायची परवानगी मिळाली. परवानगी दिली हे चुकलं, असं मी म्हणत नाही. यंत्र निरुपद्रवी आहे, गोळ्या न चालणाऱ्यांना पर्याय हवाच. पण विकत घेणाऱ्याला हे खोक्यावर वाचता यायला हवं होतं.

आणखी एक अडचण आहे, ती कंपन्यांचीही नाही आणि डॉक्टरांचीही. खरी पट्टी लावली की कपाळात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी मी चौथ्या मिनिटाला ती ओरबाडून काढली होती. लुटुपुटूची पट्टी जेमतेम गुदगुल्या करते. मग आपल्याकडे खरी आहे की खोटी, हे माणसाला उमगणार नाही का? बऱ्याच जणांना उमगत असणार. म्हणजे छापायचा दुसरा आकडाही शंभर टक्के स्वच्छ नसेल. तरी नसलेल्या आकड्यापेक्षा तो बरा.

तंबाखूकडे वळलं की जमीन एकदम भुसभुशीत होते.

इथली गोष्ट सुरू होते हाँगकाँगमध्ये. मार्गारेट पॅटरसन या स्कॉटिश शल्यचिकित्सक. त्याआधी लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आणि दार्जिलिंगला त्यांनी काम केलं होतं. १९७२ च्या सुमाराला हाँगकाँगच्या तुंग वा रुग्णालयात त्यांचे सहकारी डॉ. वेन शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी व्हाव्यात म्हणून सुयांमधून वीज सोडून बघत होते. अफूचं व्यसन असलेल्या रुग्णाने त्यांना सांगितलं की वेदनांचं जाऊ द्या, माझी अफूची तलफच गेली. पॅटरसन यांना वाटलं, गंमत सुईत नाही, विजेत आहे. त्या इंग्लंडला परतल्या, कानामागे इलेक्ट्रोड लावायची छोटी पेटी तयार झाली, आणि १९७४ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने हेरॉइन सोडण्यासाठी त्यांच्याकडे उपचार घेतले. झालं. पेटीला प्रसिद्ध माणूस मिळाला आणि कोरड्या तासांची आठवण कोणाला राहिली नाही. १९८४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी विजेची पेटी आणि मेथाडोन हे हेरॉइन सोडवताना देतात ते औषध यांची तुलना केली तेव्हा मेथाडोन सरस ठरलं. मामांच्या कानाला लावलेले चिमटे याच घराण्यातले.

तंबाखूवर ही वंशावळ पुढे तपासून झाली आहे. कॉक्रेन ही जगभरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढणारी संस्था. तिने २०१४ मध्ये अॅक्युपंक्चर, अॅक्युप्रेशर, लेसर आणि विजेचे झटके यांच्या धूम्रपान सोडवण्यासाठी झालेल्या ३८ चाचण्या एकत्र बघितल्या. विजेच्या यंत्रांबद्दल त्यांनी आडपडदा ठेवला नाही: लुटुपुटूच्या यंत्रापेक्षा ती थोड्या काळातही सरस नाहीत आणि दीर्घ काळातही नाहीत. माझ्या मागणीप्रमाणे मामांच्या डबीवर हेच छापावं लागलं असतं.

एक यंत्र मात्र या भुसभुशीत जमिनीतही उभं आहे, आणि ते बाजूला ठेवलं तर मी लबाडी केली असं होईल. २००७ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक विलक्षण निरीक्षण आलं. अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूतला इन्सुला नावाचा, आत दडलेला भाग जखमी झालेले काही सिगारेट ओढणारे लोक होते. त्यातल्या अनेकांनी सिगारेट इतक्या सहज सोडली की त्यांना तलफ लढून जिंकावी लागली नाही, ती येईनाशीच झाली. शरीर सिगारेटची ओढच विसरलं, असं त्यांतला एक जण म्हणाला. झटका कोणी मागून घेत नाही, पण त्या भागापर्यंत बाहेरून पोचता येईल का, हा प्रश्न त्यातून आला. ब्रेन्सवे या कंपनीचं यंत्र हेल्मेटसारखं आहे. त्यातल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंदं सोडली की मेंदूत खोलवर विजेचा प्रवाह उमटतो. म्हणजे चुंबकाचं यंत्र, काम विजेचं. अमेरिकेत धूम्रपान सोडण्यासाठी त्याला ऑगस्ट २०२० मध्ये परवानगी मिळाली.

त्या परवानगीमागच्या चाचणीतली एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक बैठकीआधी माणसाची तलफ मुद्दाम चाळवत. सिगारेटची आठवण काढायला लावायची, चित्रं दाखवायची, आणि तलफ जागी झाली की मग स्पंदं द्यायची. तापलेलं लोखंडच वाकतं. तीन आठवडे, आठवड्याचे पाच दिवस रोज एक अशा पंधरा बैठका, मग आठवड्याला एक अशा तीन. उपचार पूर्ण करणाऱ्यांत सलग चार आठवडे सिगारेट सोडलेले २८ टक्के आणि लुटुपुटूत ११.७ टक्के. पण मध्येच सोडून गेलेल्यांनाही हिशेबात धरलं की आकडे होतात १९.४ आणि ८.७. शंभरात अकरा. सोडून जाणारे धरायलाच हवेत, कारण व्यसनाच्या उपचारात गळती ही आजाराचाच भाग असते. पेरलेलं सगळं मोजायचं, नुसती उगवलेली रोपं नाही.

शंभरात अकरा हे सिगारेटच्या बाबतीत टाकाऊ नाहीत. पण हे यंत्र आमच्या घरी काय कामाचं? ही चाचणी सिगारेट ओढणाऱ्यांवर झाली. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे होते ३.८ टक्के. तंबाखू चघळणारे, लावणारे, दाढेत धरणारे होते २४.४ टक्के. आमचं व्यसन चंचीत असतं, चुन्याच्या डबीत असतं, पाटाच्या कडेला चार माणसं बसली की एकाने मळायची आणि चौघांनी चिमूट उचलायची यात असतं. या व्यसनावर कानाचे चिमटे असोत की हेल्मेट, दाखवावा असा आकडा माझ्या माहितीत कोणाकडेच नाही. आणि आकडा असता तरी लातूर जिल्ह्यातल्या गावातून अठरा बैठकांसाठी मोठ्या शहराच्या अठरा खेपा कोण करणार?

इथे एक भाषेचा घोळ सांगितलाच पाहिजे. मामांच्या डबीवर मोठ्या अक्षरांत 'एफडीए रजिस्टर्ड' असं छापलेलं होतं. आपल्याकडे एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन. २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तेव्हा गुटख्याचा टेम्पो पकडला की पेपरात ज्या खात्याचं नाव येतं ते. गुटखा पकडणाऱ्या खात्यानेच हे यंत्र पास केलंय, असं मामांना वाटलं, आणि त्यात त्यांची काय चूक? डबीवरचा एफडीए अमेरिकेतला होता. त्यातही 'रजिस्टर्ड'चा अर्थ तिथे एवढाच की कंपनीने आपलं नाव-पत्ता नोंदवून शुल्क भरलं. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हे खुद्द तो अमेरिकी विभागच सांगतो. त्याच्या वरची पायरी म्हणजे 'क्लिअर्ड'. तिथे बाजारात आधीपासून असलेल्या यंत्राच्या तोडीचं आहे, एवढं दाखवलं की बहुधा काम भागतं. हा फरक आपल्यातल्या इंग्रजी शिकलेल्या किती जणांना माहीत आहे? मला यंत्र घेतल्यावर सहा महिन्यांनी कळला.

भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या पंगतीत बसवली गेली. जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले आहेत. सिरिंज सुरक्षित हवी, पेसमेकर टिकाऊ हवा, हे त्यात नीट बसतं. पण ज्या यंत्राचा अपाय जवळपास शून्य आहे आणि गुणही बहुधा शून्य आहे, ते अशा जाळीतून अलगद निसटतं. जोखीम नाही ना, मग जाऊ द्या. पण गुण न येण्यातही जोखीम आहे. मामांचे तीन आठवडे गेले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'मी सोडायचा प्रयत्न केला, मशीनसुद्धा आणलं, नाही जमलं' असा एक पक्का दाखला त्यांच्या हाती आला. पुढे कोणी सोडा म्हटलं की ते तो दाखला पुढे करतात. तंबाखूच्या बाबतीत फसलेला प्रयत्न पुढचा प्रयत्न अवघड करू शकतो.

माझ्या मागणीवर एका डॉक्टर मैत्रिणीने घेतलेला आक्षेप मला खरोखर अडवणारा वाटला. तिचं म्हणणं, "तू खोक्यावर ३८.८ छापलंस तर तो अडतीस टक्केवाला दिलासा तू लोकांकडून काढून घेतेस. विश्वासाने उतरलेलं डोकंही उतरलेलंच असतं ना?" अर्धशिशीपुरतं मी याला बरंचसं मान्य करते. काळोख्या खोलीत उलटीचं भांडं जवळ घेऊन पडलेल्या बाईला तिचं डोकं कोणत्या गटात बसून उतरलं याच्याशी देणंघेणं नसतं. पण विश्वासाचा दिलासा स्वस्तात मिळत असताना तो हजारो रुपयांना का विकायचा? आजीचं आवळून बांधलेलं फडकंही त्या अडतिसात येत असेल. आणि तंबाखूला हा युक्तिवाद अजिबात लागू नाही. तोंडाचा कॅन्सर विश्वासावर थांबत नाही. डोकं उतरलं की नाही हे मीच सांगू शकते, पण तंबाखू सुटली की नाही हे लघवीतल्या कोटिनिनवरून, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थावरून, दुसऱ्यालाही कळतं. जिथे बाहेरून मोजता येतं, तिथे तर न मोजता विकायला परवानगीच नको.

लोकांना टक्के कळत नाहीत, हा दुसरा आक्षेप मला फारसा पटत नाही. गोणपाट उलगडून एकसष्ट मोजणाऱ्या आणि मग एकरी किती किलो वाढवायचं हे तोंडी सांगणाऱ्या माणसाला 'शंभरात इतके, आणि लुटुपुटूत इतके' हे नाही कळणार? खर्चाचं म्हणाल तर ज्यांची चाचणी झाली आहे त्यांचे आकडे तयारच आहेत. लागणार आहे ती शाई. ज्यांची झाली नाही त्यांना तर शाईही कमी लागेल.

मी माझी पट्टी अजून वापरते, हे सांगून टाकते. रोज संध्याकाळी, वीस मिनिटं. डायरीत महिन्याचे दिवस लिहिते. पट्टीआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने धरले तर फरक दिसतो, पण त्याच काळात रात्री झोपायची वेळ सुधारली आणि डॉक्टरांनी प्रोप्रानोलोल हे अर्धशिशी टाळायचं औषधही सुरू केलं, तेव्हा चारही तासं एकदमच फवारली गेली. मामांना मी हे गोणपाटाच्या भाषेत सांगितलं. शंभरात सव्वीस, म्हटलं.

"सव्वीसवर मी सोयाबीन पेरत न्हाई," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "पण दुसरं बियाणंच नसलं तर पेरावं लागतंय."

तंबाखूचं दुसरं बियाणं आहे, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. निकोटीनचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली, तिच्यात निकोटीनचे गम-पॅच आणि व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, सायटिसिन या औषधांची नावं आहेत. विजेच्या चिमट्याचं नाव नाही. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी फोन नंबर तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो, फुकट आहे. मामांनी रोज पुडी फोडताना तो हजारदा बघितला असेल. साडेतीन हजारांच्या यंत्राने जाहिरात केली, फुकटच्या नंबरने केली नाही. या पावसाळ्याआधी मामेभावाच्या बायकोने तो फिरवून मामांच्या हातात दिला. मामा तीन वेळा बोलले आहेत, बार बारावरून पाचावर आलाय म्हणतात. मी मोजलेले नाहीत.

यंत्राची डबी बंद पडली, पण चिमटे चांगले निघाले. उन्हाळ्यात माडीवर कुरडयांवरचं फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून मामीने ते चारही कोपऱ्यांना लावायचे ठरवले आणि दोनच आहेत म्हणून उरलेल्या कोपऱ्यांवर दगड ठेवले. दगड ठेवताना ती बोट दातांवरून फिरवत होती. मामी लग्नाआधीपासून मिश्री लावते. घरात सगळे मिळून मामांची तंबाखू सोडवत असताना तिच्या मिश्रीच्या डबीबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. मीही नाही.